परतवारी

सज्जनहो, आषाढ जवळ आला की कीर्तनातून, प्रवचनातून, फार काय घरच्या ओट्यावरच्या गप्पांतूनसुद्धा पंढरीस जाणाऱ्या वाटेचे वर्णन सुरू होते. ते व्हावेच. पण पंढरीहून परत येणाऱ्या वाटेविषयी आजवर कोणी फारसे बोललेले मी ऐकले नाही. एकादशी झाली, द्वादशीचे पारणे सुटले, पौर्णिमेला गोपाळकाला झाला, की निरूपणकाराची पोथी मिटते. जणू काही त्यानंतर वारकरी वाळवंटातच विरून गेला! अहो, तो घरी कसा आला? कोणाबरोबर आला? आणि ज्याच्याबरोबर गेला होता त्याच्याचबरोबर आला काय? हा शेवटचा प्रश्न मी बरीच वर्षे स्वतःलाही विचारू दिला नव्हता. आजची सेवा त्याच प्रश्नाची आहे.

वारी हा शब्दच पाहा. वारी म्हणजे खेप, येरझार. नुसते जाणे म्हणजे वारी नव्हे. जाणे आणि येणे मिळून एक वारी होते. पूर्वी काशीला निघणारा मनुष्य घरच्यांचा कायमचा निरोप घेऊन निघत असे. परत आला तर मोठे भाग्य, मग गावजेवण, मावंदे. वारकऱ्याचे तसे नाही. त्याला पुढल्या वर्षी पुन्हा जायचे आहे, तेव्हा यंदा परतणे भागच आहे. तो संसारी माणूस. मुलावर पेरणी टाकून निघालेला, सोसायटीचे कर्ज डोक्यावर असलेला, घरी गाय व्यायला झाली म्हणून रोज मनात दिवस मोजणारा. त्याचा देवही असा की, त्याला संसार सोडायला सांगत नाही. ये, भेट, आणि पुन्हा आपल्या कामाला लाग, असे सांगतो. म्हणून मी म्हणतो की, पंढरीस पोचला म्हणजे वारी अर्धी झाली.

आपला बुलढाणा जिल्हा या बाबतीत भाग्यवान. घाटावरची माणसे आणि घाटाखालची माणसे एरवी एकमेकांच्या बोलण्याला हसतात, पण पालखी दोघांच्याही दारावरून जाते. कोथळी-मुक्ताईनगरची आदिशक्ती मुक्ताबाईंची पालखी जाताना मलकापूर, मोताळा, बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा अशी आपला जिल्हा उभा ओलांडून जालन्याकडे उतरते. आणि शेगावची श्री गजानन महाराजांची पालखी, जिचा पायी सोहळा १९६८ सालापासून चालू आहे, ती जाते एका वाटेने आणि येते दुसऱ्या वाटेने. जाताना नागझरी, पारस, अकोला, पातूर, रिसोड, सेनगाव करीत नामदेवरायांच्या नर्सीस, तेथून औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांच्या गावी, पुढे परभणी, जनाबाईंचे गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, कळंब, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर आणि शेवटी चोखोबांचे मंगळवेढे. सातशे किलोमीटरांच्या वर वाट आणि महिन्याच्या वर दिवस. परतताना करकंब, कुर्डूवाडी, बार्शी, भूम, बीड, गेवराई, शहागड, अंबड, जालना असे करीत ती सिंदखेडराजास आपल्या जिल्ह्यात शिरते; मग बीबी, लोणार, मेहकर, जानेफळ, खामगाव आणि शेगाव. हे सुमारे तीन आठवड्यांचे चालणे.

निघताना ज्येष्ठातले ऊन असते. शेते नांगरून, वखरून उघडी पडलेली. मैलोगणती हिरवे पान नाही. शेतकरी वर पाहतो, वारकरी खाली पाहतो, डांबर पायाला चटके देते. आणि परतताना त्याच वऱ्हाडात कपाशी गुडघ्याला लागलेली, सोयाबीन फुलावर, बाया निंदताना खुरपे हातात धरून बांधावर उभ्या राहतात आणि तिथूनच नमस्कार करतात. जाताना लोक आपल्याला वाटी लावतात, परतताना आपली वाट पाहतात. हा फरक चालल्याशिवाय कळत नाही. तरी परतवारीला माणसे थोडी. आळंदी-देहूच्या पालख्याही पायीच परत येतात, पण जाताना ज्या रस्त्याला मुंगी शिरायला जागा नसते त्याच रस्त्याने परतताना दिंडी विरळ चालते. बहुतेक जण काला झाला की एसटी, रेल्वे, ट्रक, जे मिळेल ते धरतात. त्यांना दोष देऊ नये. शेती वाट पाहत नाही. मीही तसाच येत असे.

आमची दिंडी मोठी नव्हे. मेहकर तालुक्यातले एक खेडे, दोनअडीचशे उंबरा, त्यातून साठसत्तर माणूस निघे. सिंदखेडराजा, जालना, अंबड करीत शहागडच्या पुलावर गोदामाय ओलांडायची, बीड-बार्शीवरून कुर्डूवाडी, आणि पंढरपूर. पुढे पताका, मधे वीणेकरी आणि मृदंग, दोन्ही अंगांना टाळकऱ्यांच्या रांगा, मागे डोईवर तुळस घेतलेल्या मायबहिणी, आणि सर्वांच्या मागे भिशीचा शिधा वाहणारा ट्रक. रांगेत ज्याची जागा जिथे पडली तिथेच तो रोज चालतो. त्यामुळे आपल्या बाजूचा माणूस महिनाभर बदलत नाही. त्याचा श्वास, त्याचा खोकला, त्याचा टाळ किंचित मागे पडण्याची सवय, सगळे आपले होऊन जाते.

आता खरे सांगायचे तर पहिले आठ दिवस दिंडीत सगळेच साधू असतात. एकमेकांच्या पाया पडतात, ताटातली भाकर वाढून देतात. नवव्या दिवशी कोणाचे तरी वाळत घातलेले धोतर दुसऱ्याच्या अंगावर दिसते. टँकरवर बादली आधी कोणाची, राहुटीत वाऱ्याकडची जागा कोणाची, घोरतो कोण आणि त्याला दूर निजवायचे कोणी, यावरून शब्द होतात. जो म्हणेल की आमच्या दिंडीत कधी भांडण झाले नाही, तो मोटारीतून वारी करीत असला पाहिजे. पण त्याच रात्री हरिपाठाला दोघेही शेजारी उभे राहतात, हरिपाठ संपताच एकमेकांच्या पायाला हात लावावाच लागतो, आणि पायाला हात लावून पुन्हा भांडण चालू ठेवणे मोठे अवघड काम आहे. आपल्या संप्रदायाने नमस्काराची ही युक्ती फार विचाराने घालून दिलेली दिसते.

माझ्या जोडीला एक वृद्ध टाळकरी असत. आम्ही सारे त्यांना बाबा म्हणत असू. कोरडवाहू तीन एकरांचे धनी, लिहिणे-वाचणे बेताचेच, पण शेकडो अभंग मुखोद्गत. मी गावात पोथी सांगणारा, चार लोकांत मान असलेला. एके वर्षी अंबडच्या पुढे माझ्या टाचेला असा फोड आला की पाय टेकवेना. बाबांनी सुईत दोरा ओवला, फोडातून आरपार काढला, पाणी निथळू दिले, वर तेल-हळद बांधली. आणि पुढे दोन दिवस, गेवराई मागे पडेपर्यंत, माझी पडशी आपल्या खांद्यावर घेतली. वय सत्तरीच्या आसपास. मी नको म्हटले तर म्हणाले, "तुझं वझं म्या घेतलं तं माझं काय झिजते बापा? उद्या माझं तू घेजो." मी हसलो. ते उद्या त्याच वर्षी येणार आहे हे तेव्हा कोणास ठाऊक होते?

एकादशीला दर्शन झाले. नीट झाले, पण ते वर्णन आज नाही. द्वादशीला दुपारून बाबांच्या अंगात ताप भरला, रात्री जुलाब सुरू झाले. आम्ही ज्या मठात उतरलो होतो तेथील एका कोपऱ्यात ते पडून राहिले. पौर्णिमेला काला झाल्याबरोबर आमचा ट्रक निघायचा होता. इकडे गावाहून निरोप आलेला की, पहिली पेरणी उलटली, पावसाने मध्येच ओढ दिल्याने बी जळाले, आता पाऊस लागला आहे, दुबार पेरायचे तर आजउद्याच. तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला यातील कासाविशी सांगायला नको. प्रत्येकाच्या पायाखाली वाफ्यासारखी जमीन पेटलेली. बाबांजवळ कोणीतरी मागे राहिले पाहिजे, असे सगळेच म्हणाले. सगळे म्हणाले, म्हणजे कोणीच राहिले नाही. मग हळूहळू नजरा माझ्याकडे वळल्या, कारण जोडीदार मी. मी खाली पाहून पडशी बांधू लागलो. बाबांनीच कोंडी फोडली. म्हणाले, "जाय बापा, पेरनी पाय. मी आहो इथं इठ्ठलापाशी."

मला हवे होते ते वाक्य त्यांनी माझ्या तोंडात न घालता आपल्याच तोंडून उच्चारले. मी मठातल्या माणसाच्या हाती शंभराच्या दोन नोटा दिल्या, लक्ष ठेवा म्हणालो, आणि ट्रकमध्ये चढलो.

सज्जनहो, येथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. दासगणू महाराजांनी १९३९ साली रचलेला श्रीगजाननविजय ग्रंथ वऱ्हाडातल्या घराघरात आहे. एकवीस अध्यायांचा हा ग्रंथ मी आमच्या गावी किती वेळा लावला याची गणती नाही. त्याच्या अठराव्या अध्यायात पंढरीच्या वारीची हकीकत येते. महाराज आषाढीला पंढरपुरास गेलेले. बापुना काळे या भक्ताचे दर्शन गर्दीत हुकले आणि महाराजांनी त्याला जागेवरच पांडुरंग कसा दाखविला, ती कथा सर्वांना माहीत आहे, कीर्तनात सगळे तीच सांगतात. तिच्यामागे लगेच दुसरी एक लहानशी कथा आहे, तिच्याकडे मात्र पुष्कळांचे लक्ष जात नाही. कवठे-बहादूर गावचा एक माळकरी वारकरी पंढरपुरातच मरीने आजारी पडला. त्या काळी पंढरपूरची मोठी यात्रा आणि पटकीची साथ या जणू जुळ्या बहिणी. माणसे पटापट मरत, आणि जिवंत माणसे भीतीने गाव सोडून पळत. तर या वारकऱ्याजवळ जायला कोणी धजेना. सोबतचे लोक परतीच्या गडबडीत. हा आता जगत नाही, याला नेऊन उपयोग काय, असा सर्वांचा विचार. महाराज म्हणाले की, परमुलखात आपला माणूस टाकून जाणे हे काही बरे नव्हे. त्याचा हात धरला, उठविला, डोक्यावर हात ठेवला, आणि त्याला घेऊनच सर्व मंडळी वऱ्हाडाकडे निघाली.

पोथी सांगताना मी या ठिकाणी महाराजांच्या सामर्थ्याचे वर्णन करीत असे. मरी कशी पळाली, मेलेला कसा उठला. आता वाटते की ही कथा चमत्काराची आहे त्याहून परतवारीची अधिक आहे. मरी पळविणे हे महाराजांनाच शक्य. पण तत्पूर्वी त्यांनी जे केले, म्हणजे थांबले, जवळ गेले, हात धरला, त्याला काही सिद्धी लागत नाही. ते त्या वाड्यातल्या प्रत्येकाला करता आले असते. मलाही आले असते.

आणि आपण जातो तो देव तरी कोण? पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता. देव दारात आला. पुंडलिकाने वीट फेकली आणि थांब म्हटले. देव थांबला. हातातली सेवा टाकून ये, असे म्हणाला नाही. अठ्ठावीस युगे झाली म्हणतात, अजून थांबलाच आहे. कोणी कोणाची तरी शुश्रूषा करीत होते म्हणून देवाने वाट पाहिली, या एका गोष्टीवर अख्खे पंढरपूर उभे आहे. त्या थांबलेल्या देवाचे दर्शन घेऊन मी बाहेर आलो आणि तीन दिवसांत मला थांबायला वेळ उरला नव्हता!

मंगळवेढ्याची कथा तर याहून पुढची. गावकुसाचे बांधकाम चाललेले, चोखोबा इतर मजुरांबरोबर तेथे राबत होते. १३३८ साली ते कुसू कोसळले आणि सगळे दडपून मेले. किती दिवसांनी ढिगारा उपसला गेला, तोवर हाडांत हाडे मिसळलेली. कोणाची कोणती, कोण ओळखणार? आणि ओळखायची गरज तरी कोणाला वाटणार? मेलेले सगळे वेशीबाहेरचे. पण नामदेवराय पंढरीहून मुद्दाम तेथे गेले. संप्रदायात सांगतात की, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येई त्या त्यांनी वेचल्या, पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. ज्याला जिवंतपणी देवळात पाय ठेवू दिला नाही त्याच्या समाधीशी डोके टेकूनच आज आपण आत जातो. नामदेवरायांना कीर्तनास उशीर होत नव्हता काय? पंढरीत त्यांची कोणी वाट पाहत नव्हते काय? तरी मेलेल्या सोबत्यासाठी ते मागे फिरले. माझा सोबती जिवंत होता.

पेरणी झाली. चांगली झाली. चौकशी करणाऱ्याला मी सांगे, बाबांची सोय उत्तम लावून आलोय. एकदोनदा मठात निरोप पाठविला, उत्तर काही आले नाही. नवव्या दिवशी सांजेच्या वेळी बाबा आले. एसटीतून फाट्यावर उतरून, काठी टेकीत, स्वतःच्या घरी न जाता आधी माझ्या दारात. अंगावर मांस राहिले नव्हते. पडशीतून त्यांनी माझा टाळ काढला आणि पुढे केला. "तुहा टाळ राह्यला होता मठात. म्हटलं, हरिपाठाले खोळंबा होईन."

ट्रक धरण्याच्या घाईत मी टाळ विसरलो होतो. आणि तोवर, नऊ दिवसांत, मला तो आठवलाही नव्हता.

पुढे कळले ते त्यांच्याकडून नव्हे. मराठवाड्याकडील कुठल्यातरी दिंडीतल्या दोन बाया त्याच मठात मागे राहिलेल्या होत्या. त्यांनी बाबांना पेज करून पाजली, सरकारी दवाखान्यात नेले, सलाईन लागेतो बसून राहिल्या, आणि आपल्या टेम्पोतून जालन्यापर्यंत आणून एसटीत बसवून दिले. त्यांचे गाव कोणते, नाव काय, बाबांनी विचारले नव्हते. माउली म्हणाले आणि माउली म्हणाल्या, एवढीच ओळख.

मी दोनदा त्यांच्या घरी क्षमा मागायला गेलो. पहिल्यांदा ते ओसरीत दोर वळत बसले होते. मी विषय काढतो न काढतो तोच त्यांनी विचारले, "कपाशी कशी हाय?" दुसऱ्यांदाही असेच काहीतरी. त्या मार्गशीर्षात सप्ताह झाला, पोथी माझ्याकडेच. अठरावा अध्याय आला. बाबा नेहमीप्रमाणे खांबाशी बसलेले. कवठे-बहादूरच्या वारकऱ्याशी मी आलो आणि माझा आवाज बसला. पाणी मागितले. लोकांना वाटले, प्रेम दाटून आले. बाबा मात्र मान हलवीत राहिले, ऐकताना नेहमी हलवीत तसेच, आणि मी पुन्हा सुरू केल्यावर म्हणाले, "रामकृष्णहरी." त्यानंतर त्यांनी दोन वाऱ्या केल्या. दोन्ही वाऱ्यांत रांगेत माझ्याच शेजारी उभे राहिले. मग एका कार्तिकात गेले. मी त्यांच्याशी त्या दिवसाविषयी कधीच बोललो नाही, बोलू दिले गेलो नाही म्हणा हवे तर. पण ही सबब आहे, हे मला कळते.

तेव्हापासून मी परतवारी चालतो. सबंध चालणे माझ्याच्याने होत नाही. शेगावची पालखी सिंदखेडराजास आली की तेथून मागे लागतो. मेहकरच्या शारंगधर बालाजीपाशी आमच्या गावचे लोक भाकरी घेऊन येतात. लोणारहून वर येताना पाऊस बहुधा गाठतोच. शेवटच्या दिवशी खामगावाहून शेगावला मात्र एवढी गर्दी उसळते की जाण्याची वारी लाजावी. हजारोंच्या हजारो माणसे रात्रभर त्या रस्त्याने चालतात, बाया लेकरांना कडेवर घेऊन चालतात. २०२० आणि २०२१ साली साथीमुळे पायी वाऱ्या निघाल्या नाहीत, तेव्हा तो रस्ता पाहून डोळे भरून येत. या परतणाऱ्या माणसांचे चेहरे मी न्याहाळीत असतो. रापलेले, घसे बसलेले, पायांना चिंध्या. पण कोणी कोणाच्या पुढे जायला बघत नाही. दमलेल्याची पताका दुसरा घेतो, न मागता.

आमच्या गावच्या दिंडीत मी एक नवा नेम सुचविला, आणि मंडळींनी तो मान्य केला. काला झाल्यावर मठाच्या अंगणात सर्वांची मोजणी होते. नाव घ्यायचे, ओ द्यायची. आकडा जुळल्याशिवाय वीणेकऱ्याने वीणा गळ्यात घालायची नाही आणि ट्रकवाल्याने गाडी सुरू करायची नाही. आजारी असेल तर त्याच्याजवळ कोण राहणार हे निघण्याच्या दिवशी, गावच्या मारुतीपुढेच, आधी ठरलेले असते. त्या माणसाची पेरणी बाकीच्यांनी करून द्यायची. याला काही लोकांनी प्रथम कुरकुर केली. तीन वर्षांत तीनदा माणूस मागे राहिला आणि तिन्ही वेळा त्याचे शेत गावाने पेरले, तेव्हा कुरकुर थांबली. त्यातल्या एकाचे तर आमच्या सर्वांहून चांगले उगवले, ते सोडा.

गेल्या खेपेला मोजणीत एक कमी भरला. नाव पुकारले, ओ नाही. दोन पोरे चंद्रभागेकडे धावली, दोन दर्शनबारीकडे. ट्रकवाला घड्याळ दाखवू लागला. आभाळ भरून आलेले, सगळ्यांच्या मनात घरची पेरणी. वीणेकऱ्याने वीणा खुंटीवरून काढली नाही. अकराचे बारा झाले, बाराचे दीड. पावणेदोनला आमचे एक म्हातारे गृहस्थ प्रदक्षिणेच्या रस्त्याने सावकाश चालत आले. नातीसाठी बांगड्या घ्यायला गेले होते, मापाच्या मिळेनात म्हणून दुकाने हिंडत होते. सत्तर माणसे अंगणात पडश्या बांधून बसलेली पाहून ते दारातच थबकले.

"काहून बसले बापा समदे?" त्यांनी विचारले. "गाडी बिघडली काय?"